जँगोत विकी: कोणी वाचायचं, कोणी लिहायचं

जँगो हे पायथन भाषेतलं वेबसाइट बनवण्याचं फ्रेमवर्क वापरून संस्थेपुरती विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची पानं, उभी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जवळजवळ सगळेच शेवटी परवानग्यांपाशी येऊन थांबतात, त्यामुळे उत्तरांचा भरही तिथेच आहे. कोडमधली नावं इथं देवनागरीत, एकेरी अवतरणात दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती जँगोच्या मूळ स्पेलिंगनं लिहावीत.

प्रश्न: आमच्या संस्थेत चाळीसेक जण आहेत. सगळ्यांनी वाचावं, काहींनी लिहावं आणि लेखा विभागाची पानं फक्त त्याच विभागाला दिसावीत, एवढीच गरज आहे. तयार पॅकेज घ्यावं की स्वतः लिहावं?

एवढ्यासाठी ‘जँगो-विकी’ हे तयार पॅकेज पुरेल. त्यात प्रत्येक लेखाला एक मालक, एक ग्रुप आणि उरलेले सगळे, अशी युनिक्सच्या फायलींसारखी मांडणी आहे. ग्रुप आणि उरलेले या दोघांसाठी वाचन आणि लेखन वेगवेगळं चालू-बंद करता येतं. लेखा विभागाचा एक ग्रुप बनवा, त्यांच्या मुख्य पानाला तो ग्रुप द्या आणि उरलेल्यांचं वाचन-लेखन दोन्ही बंद करा. हे काम त्या पानाखाली इतर पानं तयार होण्याआधीच उरकावं. नवं पान तयार होताना वरच्या पानाचे हक्क उचलतं, पण वरचे हक्क नंतर बदलले तर आधीची खालची पानं आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी लेखाच्या सेटिंग्जमध्ये खालच्या पानांनाही हेच हक्क लावण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो.

बसवताना बहुतेकांची गाडी दोन ठिकाणी अडते. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये नुसतं विकी टाकून भागत नाही, जँगोचं ‘साइट्स’ आणि ‘ह्युमनाइझ’, शिवाय सूचनांचं, झाडाच्या रचनेचं, टेम्पलेटमधल्या सीएसएस-स्क्रिप्ट गोळा करणाऱ्या ‘सेकिझाई’चं आणि चित्रांच्या लघुप्रतींचं अशी बरीच ॲप्स लागतात. ही यादी आवृत्तीनुसार थोडी बदलते, म्हणून तुमच्या आवृत्तीच्या दस्तऐवजातून जशीच्या तशी घ्या. ‘साइट आयडी’ 1 ठेवा आणि ‘सेकिझाई’चा कॉन्टेक्स्ट प्रोसेसर टेम्पलेटच्या सेटिंगमध्ये घाला. दुसरी अडचण यूआरएलची. विकी साइटच्या मुळाशी बसवली की तिचा पॅटर्न मागे राहिलेलं सगळं गिळतो, म्हणून तो यादीत अगदी शेवटी हवा. नाहीतर ॲडमिनच्या पत्त्यावरही विकी ‘असं पान नाही’ असं सांगत बसते.

आणखी दोन सेटिंग्ज पहिल्याच दिवशी पाहा. ‘विकी अ‍ॅनॉनिमस’ मुळात चालू असतं, म्हणजे लॉगिन न केलेल्यालाही खुली पानं वाचता येतात. ‘विकी अकाउंट साइनअप अलाउड’ही चालू असतं, म्हणजे कोणीही खातं उघडू शकतो. अंतर्गत विकीसाठी दोन्ही बंद करा.

एकाच पानावर दोन ग्रुपांना हक्क द्यायचे असतील किंवा प्रसिद्धीआधी मंजुरीचा टप्पा हवा असेल, तर मात्र स्वतःची रचना करणं परवडतं. पॅकेजच्या ‘विकी कॅन रीड’, ‘विकी कॅन राइट’ यांसारख्या सेटिंग्जना स्वतःचं फंक्शन देता येतं. लेख आणि युजर घेऊन होय-नाही सांगणारं ते फंक्शन असतं. पण अशी चार-पाच फंक्शनं झाली की पॅकेज वाकवण्यापेक्षा नवं लिहिणं सोपं पडतं.

प्रश्न: स्वतः लिहायचं ठरवलं आहे. मॉडेलं कशी असावीत? परवानग्या पानाला लावाव्यात का?

तीन मॉडेलं (डेटाबेसमधल्या टेबलांची वर्णनं) पुरतात: विभाग, पान आणि आवृत्ती. परवानग्या पानावर न ठेवता विभागावर ठेवा, असा आमचा आग्रह आहे. पानागणिक हक्क दिले की काही महिन्यांत अमुक पान नेमकं कोणाकोणाला दिसतं, हे कोणालाच सांगता येत नाही. विभागावर जँगोच्या ‘ग्रुप’ मॉडेलकडे जाणारी दोन मेनी-टू-मेनी फील्ड ठेवा, एक वाचक गटांचं आणि एक लेखक गटांचं. जोडीला ‘सर्व सदस्यांना खुला’ असं एक बूलियन असू द्या आणि त्याची मूळ किंमत ‘फॉल्स’ ठेवा. एखाद्या पानाला वेगळे हक्क हवे असतील तर ते पान वेगळ्या विभागात हलवायचं.

पानात मजकूर साठवू नका. पानाला शीर्षक, स्लग (पत्त्यात येणारं पानाचं नाव), विभाग आणि ‘चालू आवृत्ती’ एवढंच द्या. मजकूर, लेखक, वेळ आणि बदलाची एक ओळ हे सगळं आवृत्तीत जातं. आवृत्ती एकदा साठवली की तिला हात लावायचा नाही. जुनी परत आणायची तर तिच्या मजकुराची नवी आवृत्ती बनवायची. पान आणि आवृत्ती एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून ‘चालू आवृत्ती’ला नल (रिकामी किंमत) चालली पाहिजे. आधी पान, मग आवृत्ती, मग पानात चालू आवृत्तीची नोंद, हे सगळं एकाच ‘ट्रान्झॅक्शन अ‍ॅटॉमिक’मध्ये करा.

आवृत्तीच्या लेखक-फील्डला ‘ऑन डिलीट’ म्हणून ‘कॅस्केड’ कधीही देऊ नका. संस्था सोडून गेलेल्या माणसाचं खातं कोणी तरी ॲडमिनमधून पुसतो आणि त्यानं लिहिलेल्या सगळ्या आवृत्त्या त्याच्याबरोबर जातात. ‘प्रोटेक्ट’ द्या आणि खातं न पुसता त्याचं ‘इज अ‍ॅक्टिव्ह’ बंद करा. त्यानं लॉगिन बंद होतं, परवानगीची प्रत्येक विचारणा नकारार्थी येते आणि इतिहास शाबूत राहतो.

युजरचं मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या (मॉडेलांप्रमाणे डेटाबेसची टेबलं बनवणाऱ्या पायरीच्या) आधी स्वतःचं करून घ्या. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट युजर’ वारशात घेऊन आत काहीही न लिहिता सोडलं तरी चालेल, फक्त ‘ऑथ युजर मॉडेल’मध्ये त्याची नोंद हवी. पुढे कधी युजरला एखादं फील्ड जोडायचं झालं, तर तयार डेटाबेसवर युजरचं टेबल बदलणं फार जिकिरीचं होतं, कारण अनेक टेबलांच्या फॉरेन की तिथे अडकलेल्या असतात.

जँगो प्रत्येक मॉडेलला चार परवानग्या आपोआप देतो: भर घालणं, बदलणं, पुसणं आणि पाहणं. शेवटची जँगोच्या 2.1 आवृत्तीपासून आली. पान कुलूपबंद करणं किंवा आवृत्ती मंजूर करणं अशा जास्तीच्या परवानग्या मॉडेलच्या ‘मेटा’मध्ये ‘परमिशन्स’ म्हणून लिहायच्या आणि मायग्रेशन चालवायचं. संपादकांना सोयीसाठी सुपरयुजर करण्याची सवय मात्र मोडा. ‘इज स्टाफ’ म्हणजे फक्त ॲडमिनमध्ये शिरता येणं, तर ‘इज सुपरयुजर’ म्हणजे एकही तपासणी लागू नसणं.

प्रश्न: युजरला परवानगी आहे का ते सांगणाऱ्या ‘हॅज पर्म’ला परवानगीचं नाव आणि पान, दोन्ही दिलं की उत्तर नेहमी ‘फॉल्स’ येतं. पान न देता विचारलं तर ‘ट्रू’. सुपरयुजरला मात्र दोन्ही वेळा ‘ट्रू’. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, जँगोचा मूळ बॅकएंड (लॉगिन आणि परवानग्या तपासणारा भाग) तसाच लिहिलेला आहे. ‘हॅज पर्म’ दुसरा आर्ग्युमेंट म्हणून ऑब्जेक्ट घेतो खरा, पण ‘मॉडेल बॅकएंड’ला ऑब्जेक्टनिहाय परवानग्या माहीत नाहीत. ऑब्जेक्ट दिला की तो परवानग्यांचा रिकामा संच परत करतो. सुपरयुजरसाठी बॅकएंडला विचारण्याआधीच होकार मिळतो, म्हणून चाचणी सुपरयुजरनं केली तर हा दोष दिसतच नाही.

उपाय दोन आहेत. ‘जँगो-गार्डियन’ प्रत्येक ऑब्जेक्टमागे परवानगीची वेगळी ओळ साठवतं. कोणतंही पान कोणालाही द्यायचं असेल तर ते योग्य. वर सांगितलेली विभागांची रचना असेल तर त्याची गरज नाही. ‘बेस बॅकएंड’ वारशात घेऊन पंधरा-वीस ओळींचा स्वतःचा बॅकएंड लिहा. त्याच्या ‘हॅज पर्म’मध्ये पहिल्यांदा युजर सक्रिय आहे का ते पाहा, मग ऑब्जेक्ट पान आहे का, मग त्या पानाच्या विभागाचे गट आणि युजरचे गट जुळतात का. ‘ऑथेंटिकेशन बॅकएंड्स’मध्ये तो मूळ बॅकएंडच्या जोडीनं लिहा. मूळचा काढून टाकलात तर पासवर्डनं लॉगिनच होणार नाही. अनेक बॅकएंड असले की कोणा एकाचा होकार पुरतो, पण एखाद्यानं ‘परमिशन डिनाइड’ फेकलं तर पुढच्यांना विचारलं जात नाही.

परवानगीच्या नावात आधी ॲपचं लेबल, मग टिंब, मग कोडनेम येतं. लेबलाच्या जागी मॉडेलचं नाव लिहिलं किंवा एक अक्षर चुकलं तरी जँगो चूक झाल्याचा संदेश देत नाही, गुपचूप ‘फॉल्स’ देतो.

प्रश्न: गोपनीय विभागाचं पान उघडायला गेलं तर नकार मिळतो, पण शोधात त्याचं शीर्षक आणि दोन ओळी दिसतात. शोधाच्या व्ह्यूमध्येही (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्येही) तपासणी घालावी का?

घालावी लागेल, पण नुसती शोधात घालून थांबू नका. विकीच्या पानाकडे जाणारे रस्ते मोजले की लक्षात येतं: शोध, अलीकडचे बदल, ‘या पानाला कोण जोडलं आहे’ची यादी, टॅग, शीर्षक टाइप करताना येणाऱ्या सूचना, फीड, आवृत्त्यांचा इतिहास, दोन आवृत्त्यांमधला फरक, बदल कळवणारे मेल. प्रत्येक व्ह्यूमध्ये वेगळी अट लिहिली तर त्यांतली एखादी राहणारच.

म्हणून अट क्वेरीसेटमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून पानं आणणाऱ्या मागणीतच, लिहा. पानाच्या क्वेरीसेटला ‘व्हिजिबल टू’ अशी एक मेथड द्या, जी युजर घेते आणि त्याला दिसू शकतील तेवढीच पानं परत करते. लॉगिन नसेल तर ‘नन’ म्हणजे रिकामा क्वेरीसेट. सुपरयुजर असेल तर सगळं. नाहीतर जे विभाग खुले आहेत किंवा ज्यांच्या वाचक अथवा लेखक गटांत युजरचा एखादा गट आहे, त्या विभागांची पानं. हे थेट जॉइननं लिहिलं तर दोन गटांत असलेल्या युजरला एकच पान दोनदा दिसतं आणि पानांची मोजदादही चुकते. विभागांची उपक्वेरी करून ‘विभाग यांपैकी एक’ अशी अट लावली की हा प्रश्न उरत नाही, ‘डिस्टिंक्ट’चीही गरज पडत नाही. लॉगिनची अट मेथडच्या पहिल्याच ओळीत हवी. अनामिक युजर थेट फिल्टरमध्ये गेला तर जँगो टाइप-एरर देतो, कारण त्याला आयडी नसतो.

यानंतर व्ह्यूमध्ये ‘ऑब्जेक्ट्स ऑल’ कुठेच दिसता कामा नये. पान उघडतानाही ‘गेट ऑब्जेक्ट ऑर 404’ला हाच गाळलेला क्वेरीसेट द्या. त्यामुळे न दिसणाऱ्या पानावर 403 (मनाई) न येता 404 (पान सापडलं नाही) येतो, आणि गोपनीय पानांसाठी तेच बरं. 403 म्हणजे ‘पान आहे, पण तुम्हाला नाही’ अशी कबुली. ‘कर्मचारी कपात’ अशा शीर्षकाचं पान आहे एवढं कळणंसुद्धा पुरेसं असतं. त्याच कारणानं स्लगचं एकमेवपण साऱ्या साइटवर न लादता विभाग आणि स्लग यांच्या जोडीवर लावा. नाहीतर नवं पान करू पाहणाऱ्याला ‘हे नाव आधीच आहे’ असा संदेश येतो आणि गुपित तिथेच फुटतं.

जुन्या आवृत्त्यांचा पत्ता विशेष तपासा. पत्त्यात पानाचा स्लग आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. कोड पानाची परवानगी बघतो आणि आवृत्ती नुसत्या क्रमांकानं उचलतो. मग खुल्या पानाच्या पत्त्यात क्रमांक बदलत गेलं की गोपनीय पानाच्या आवृत्त्या वाचता येतात. आवृत्ती शोधताना ‘हीच पानाची आवृत्ती’ अशी अट हवीच, आणि फरक दाखवणाऱ्या व्ह्यूला दोन क्रमांक मिळतात, तेव्हा ती दोन्हींना हवी.

मेलचं वेगळं. पानावर लक्ष ठेवणाऱ्यांची यादी करताना परवानगी बघितली जाते. पण नंतर गटातून काढलेल्या माणसाला मेल येतच राहतात आणि मेलमध्ये बदललेला मजकूर असतो. तपासणी मेल पाठवण्याच्या क्षणी करा.

टेम्पलेटमधल्या ‘कॅश’ टॅगवरही नजर ठेवा. बाजूच्या पट्टीत अलीकडच्या बदलांची यादी आहे आणि ती ‘कॅश 500 साइडबार’ अशी ठेवली आहे, असं समजा. जो पहिला येईल त्याची यादी पुढची पाचशे सेकंद सगळ्यांना दिसेल, मग तो पहिला व्यवस्थापक असला तरी. टॅगला युजरचा आयडी आणखी एक आर्ग्युमेंट म्हणून द्या. विकीसमोर प्रॉक्सी कॅश असेल तर पानांच्या उत्तरात ‘कॅश कंट्रोल प्रायव्हेट’ जाईल असंही पाहा.

टेम्पलेटमध्ये ‘बदला’चं बटण लपवणं ही वाचकाची सोय आहे, तपासणी नाही. फॉर्म स्वीकारणाऱ्या व्ह्यूमध्ये लेखनाचा हक्क पुन्हा विचारलाच पाहिजे.

प्रश्न: जोडलेल्या फायलींचं काय? पान 404 देतं, पण पीडीएफचा थेट पत्ता कोणालाही उघडतो.

कारण ती फाइल जँगो देतच नाही, पुढचा वेब सर्व्हर मीडिया फोल्डरमधून परस्पर देतो. तो वेब सर्व्हर एन्जिनएक्स असेल तर गोपनीय फायलींचं फोल्डर मीडियाच्या बाहेर काढा, त्यासाठी एक ‘लोकेशन’ लिहा आणि त्यात ‘इंटर्नल’ ही ओळ घाला. बाहेरून तो पत्ता मागितला की सर्व्हर 404 देईल. जँगोचा व्ह्यू पानाची परवानगी तपासतो, रिकामं उत्तर बनवतो आणि ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट’ या हेडरमध्ये आतला मार्ग लिहितो. फाइल मग एन्जिनएक्सच पोचवतो, जँगोवर भार येत नाही. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर हेडरमधला मार्ग टक्केवारी-एन्कोड करा, किंवा डिस्कवर साठवताना यादृच्छिक नाव द्या आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा. दुसरा मार्ग जास्त निर्धोक.

प्रश्न: वाचक, संपादक, नियंत्रक हे गट मायग्रेशनमध्ये बनवून त्यांना परवानग्या दिल्या. माझ्या यंत्रावर चाललं. नव्या सर्व्हरवर आणि टेस्टमध्ये ‘परमिशन मॅचिंग क्वेरी डझ नॉट एग्झिस्ट’ येतं.

परवानग्यांच्या ओळी मायग्रेशन बनवत नाही. सगळी मायग्रेशनं संपल्यावर ‘पोस्ट मायग्रेट’ हा सिग्नल निघतो, तेव्हा ‘ऑथ’ ॲप त्या ओळी घालतं. तुमच्या यंत्रावर मॉडेलचं मायग्रेशन एकदा चाललं, ओळी तयार झाल्या आणि गटांचं मायग्रेशन तुम्ही नंतर लिहिलंत. नव्या डेटाबेसवर दोन्ही एकाच दमात चालतात, तेव्हा गटांच्या मायग्रेशनला ओळी सापडत नाहीत.

गट बनवणं मायग्रेशनमधून काढून स्वतःच्या ‘पोस्ट मायग्रेट’ फंक्शनमध्ये ठेवा. ते ॲपच्या ‘रेडी’ मेथडमध्ये, ‘सेंडर’ म्हणून स्वतःचंच ॲप देऊन जोडा. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये ‘ऑथ’ तुमच्या ॲपच्या वर असलं पाहिजे, कारण सिग्नलची फंक्शनं जोडली गेली त्या क्रमानं चालतात. प्रत्येक मायग्रेटनंतर हे फंक्शन पुन्हा चालणार, म्हणून ‘गेट ऑर क्रिएट’ वापरा आणि परवानग्या फक्त वाढवा. ‘सेट’ वापरलंत तर ॲडमिनमधून कोणी केलेले बदल पुढच्या मायग्रेटला पुसले जातील.

प्रश्न: परवानगी नसलेला युजर पान उघडतो तेव्हा ब्राउझर लॉगिन आणि पान यांच्यात फिरत राहतो.

‘परमिशन रिक्वायर्ड’ हा डेकोरेटर (व्ह्यूच्या डोक्यावर लावायची तपासणी) परवानगी नसलेल्याला लॉगिनच्या पानावर पाठवतो, मग त्यानं आधीच लॉगिन केलेलं का असेना. लॉगिनच्या व्ह्यूमध्ये ‘रिडायरेक्ट ऑथेंटिकेटेड युजर’ चालू असेल तर ते पान त्याला परत पाठवतं आणि चक्र सुरू होतं. डेकोरेटरला ‘रेज एक्सेप्शन ट्रू’ द्या आणि त्याच्या वर ‘लॉगिन रिक्वायर्ड’ लावा. मग अनामिक माणूस लॉगिनला जातो आणि ओळख पटलेल्याला 403 मिळतो.

क्लासवर आधारलेल्या व्ह्यूंमध्ये ‘परमिशन रिक्वायर्ड मिक्सिन’ हा व्ह्यूला जोडायचा क्लास 2.1 आवृत्तीपासून हे नीट करतो, पण त्याची जागा चुकवू नका. मिक्सिन डावीकडे आणि ‘अपडेट व्ह्यू’ उजवीकडे. उलट लिहिलं तर मूळ व्ह्यूचा ‘डिस्पॅच’ आधी सापडतो, मिक्सिनला हाक जातच नाही आणि पान सगळ्यांना खुलं राहतं. एरर नाही, इशारा नाही. म्हणून विकीसारख्या बंद साइटवर 5.1 आवृत्तीत आलेलं ‘लॉगिन रिक्वायर्ड मिडलवेअर’ जरूर घ्या. ‘ऑथेंटिकेशन मिडलवेअर’च्या खाली ते लिहिलं की साऱ्या साइटला लॉगिन लागतं, आणि जे पान खुलं हवं त्यालाच ‘लॉगिन नॉट रिक्वायर्ड’ लावावं लागतं.

प्रश्न: पानांची शीर्षकं मराठीत आहेत. ‘स्लगिफाय’ला ‘अलाऊ युनिकोड’ दिलं तरी काना-मात्रा गळतात आणि कधी कधी दोन पानांचा स्लग एकच येतो.

‘अलाऊ युनिकोड’ नसताना सगळी देवनागरी गळून रिकामी स्ट्रिंग उरते. ते दिल्यावर अक्षरं राहतात, पण ‘स्लगिफाय’ पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या ‘शब्दातलं अक्षर’ या वर्गावर चालतं. त्या वर्गात अक्षरं आणि अंक येतात. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडमध्ये जोडचिन्हं असल्यानं बाहेर राहतात. त्यामुळे ‘मराठी’चा ‘मरठ’ होतो, ‘पत्र’चं ‘पतर’, आणि ‘मान’, ‘मीन’, ‘मन’ या तिघांचाही ‘मन’.

स्वतःचं फंक्शन लिहा. शीर्षक आधी एनएफसी रूपात (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या युनिकोड नोंदी एकसारख्या करणाऱ्या रूपात) आणा. मग ‘युनिकोडडेटा’मधून प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारा आणि ज्याचा वर्ग अक्षर, जोडचिन्ह किंवा अंक यांपैकी आहे ते ठेवा, मोकळ्या जागेचा हायफन करा, बाकीचं टाका. एक अपवाद आधी हाताळावा लागतो. अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो: काही कळफलकांवर ऱ आणि हलन्त, तर काहींवर साधा र, हलन्त आणि अदृश्य झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. जॉइनर नुसता टाकलात तर ‘दऱ्या’ या शीर्षकाचं ‘दर्या’ होतं, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून र, हलन्त, जॉइनर ही त्रयी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, आणि मगच उरलेले जॉइनर काढा. शोधाच्या पेटीतला मजकूरही याच फंक्शनच्या पहिल्या भागातून जाऊ द्या, नाहीतर पान असून सापडत नाही.

‘स्लग फील्ड’ युनिकोड चालू करूनही फॉर्ममध्ये मात्रा नाकारतं, कारण त्याची तपासणीही त्याच वर्गावर आहे. साधं ‘कॅर फील्ड’ घ्या आणि स्वतःचा व्हॅलिडेटर लावा. यूआरएलमध्ये ‘स्लग’ कन्व्हर्टर फक्त रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर घेतो. तिथे ‘स्ट्र’ वापरा. देवनागरीचं एक चिन्ह एन्कोड झालं की नऊ अक्षरांचं होतं, त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द कॉपी केलेल्या पत्त्यात पंचेचाळीस अक्षरं व्यापतो. पत्त्यात पानाचा आयडी आणि मागे स्लग अशी रचना ठेवली तर शीर्षक बदललं तरी जुने दुवे चालतात, मेलमध्ये पत्ता तुटला तरी आयडीवरून पान सापडतं.

प्रश्न: दोघांनी एकच पान एकाच वेळी उघडलं, दुसऱ्यानं साठवलं की पहिल्याचे बदल जातात.

आवृत्त्या असल्यानं मजकूर नष्ट होत नाही, पण चालू पानातून नाहीसा होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. फॉर्ममध्ये एक लपलेलं फील्ड ठेवा, त्यात संपादन सुरू झालं तेव्हाच्या चालू आवृत्तीचा आयडी. साठवताना ‘अ‍ॅटॉमिक’च्या आत नवी आवृत्ती बनवा आणि पानावर ‘अपडेट’ चालवा, अशा फिल्टरसह की पानाची चालू आवृत्ती अजून तीच असली पाहिजे. ‘अपडेट’ किती ओळी बदलल्या ते सांगतो. 1 आला तर झालं. 0 आला तर मध्ये कोणीतरी साठवलं आहे. एक्सेप्शन फेकून ट्रान्झॅक्शन मागे घ्या आणि युजरला त्याचा मजकूर व मधला फरक शेजारी-शेजारी दाखवा. त्याचा मजकूर फॉर्ममध्ये तसाच राहिला पाहिजे.

‘सिलेक्ट फॉर अपडेट’नंही हे जमतं, पण एसक्यूलाइटवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. वरची पद्धत सगळीकडे चालते.

प्रश्न: मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर मांडण्याच्या पद्धतीत) कोणी स्क्रिप्ट टाकली तर? लेखक सगळे आमचेच आहेत.

लेखक तुमचेच असले तरी त्यांचे हक्क सारखे नाहीत, म्हणून हा प्रश्न परवानग्यांचाच आहे. सामान्य लेखकाच्या पानातली स्क्रिप्ट व्यवस्थापकाच्या ब्राउझरमध्ये त्याच्या लॉगिननं चालते आणि त्याच्या नावानं कोणालाही गटात घालू शकते. पायथन-मार्कडाउन कच्चं एचटीएमएल तसंच पुढे पाठवतं. त्यातला ‘सेफ मोड’ 3.0 आवृत्तीत काढून टाकला आहे. डेटाबेसमध्ये मार्कडाउन जसंच्या तसं ठेवा, त्याचं एचटीएमएल करा आणि ते एचटीएमएल ‘एनएच3’मधून गाळून घ्या, मगच ‘मार्क सेफ’ करा. क्रम उलटा चालत नाही: आधी मार्कडाउन गाळलं तर दुव्यांच्या रूपात लिहिलेली स्क्रिप्ट निसटते. पूर्वी ‘ब्लीच’ वापरत, पण 2023 साली त्याच्या कर्त्यांनीच ते जुनं ठरवलं.

प्रश्न: हे सगळं तपासायचं कसं? हातानं लॉगिन बदलून पाहणं होत नाही.

एक तक्ता करा. आडव्या ओळीत अनामिक, परका सदस्य, वाचक, लेखक आणि नियंत्रक. उभ्या ओळीत प्रत्येक यूआरएल, ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ वेगळे. प्रत्येक चौकटीत अपेक्षित कोड: 200 (ठीक), 302 (दुसऱ्या पत्त्यावर रवानगी), 403 किंवा 404. हा तक्ता पायथनच्या डिक्शनरीत लिहून ‘सबटेस्ट’नं फिरवा, म्हणजे एक चौकट पडली तरी बाकीच्या चालतात आणि नेमकी कोणती पडली ते दिसतं. सुपरयुजर या तक्त्यात नको. तो नेहमी पास होतो आणि काहीच सिद्ध करत नाही.

नुसता कोड पुरेसा नाही. गोपनीय पानात एक अनोखा शब्द टाका आणि शोध, अलीकडचे बदल, फीड, टॅग या सगळ्यांच्या उत्तरांत तो परक्या सदस्याला दिसत नाही हे ‘असर्ट नॉट कंटेन्स’नं तपासा. शीर्षकातही असाच एक वेगळा शब्द ठेवा, कारण मजकूर झाकून शीर्षक उघडं राहणं जास्त वेळा घडतं.

टेस्टमध्ये युजरला गटात घातल्यावर ‘हॅज पर्म’ जुनंच उत्तर देत असेल तर बिचकू नका. पहिल्या विचारणीनंतर परवानग्या त्या युजर ऑब्जेक्टवरच साठवून ठेवल्या जातात आणि ‘रिफ्रेश फ्रॉम डीबी’ त्या पुसत नाही. युजर डेटाबेसमधून ‘गेट’नं नव्यानं आणा. चालू साइटवर प्रत्येक रिक्वेस्टला नवा ऑब्जेक्ट येतो, त्यामुळे तिथे गट बदलला की पुढच्याच क्लिकला फरक दिसतो. लांब चालणाऱ्या पार्श्वभूमीच्या कामात मात्र, उदाहरणार्थ मेल पाठवणाऱ्या वर्करमध्ये, युजर ऑब्जेक्ट हातात धरून ठेवू नका. आयडी ठेवा आणि पाठवताना युजर पुन्हा आणा.